सुई, मृदू ऊती आणि सांत घटक पद्धती : कम्युनिटी कॉलेजातील अध्यापनाच्या दृष्टीने एक विवेचन

हैदराबादेतील चिक्कडपल्ली हा भाग सिटी सेंट्रल लायब्ररीमुळे विद्यार्थीवर्गाला चांगला परिचित आहे. मुशीराबादचे गांधी रुग्णालयही तेथून फार दूर नाही. अशा मध्यमवर्गीय वस्तीत सकाळच्या वेळी पॅथॉलॉजी लॅबसमोर उपाशीपोटी रक्त द्यायला आलेली माणसे बसलेली असतात आणि त्यांच्या हातात सुई टोचणारा मुलगा किंवा मुलगी बहुधा लॅब टेक्निशियनचा एखादा अल्प मुदतीचा अभ्यासक्रम पूर्ण करून आलेली असते. कम्युनिटी कॉलेजमधील शिक्षक ज्यांना घडवतात ते विद्यार्थी हेच. त्यांना नियम शिकवले जातात : त्वचा अंगठ्याने ताणून धरा, टोकाचा तिरपा काप वरच्या बाजूस ठेवा, सुई पंधरा ते तीस अंशांच्या कोनात धरा, हात अडखळू देऊ नका. हे नियम बरोबरच आहेत. मात्र ते का बरोबर आहेत, हे सहसा सांगितले जात नाही.

गेल्या काही दशकांत या ‘का’चे उत्तर शोधण्यासाठी संगणकावर सुई आणि मृदू ऊती यांचे प्रतिरूपण, म्हणजे सिम्युलेशन, करण्याची एक शाखा वाढली आहे. तिचा पाया आहे फायनाइट एलिमेंट मेथड, मराठीत सांत घटक पद्धती. नाव ऐकून विद्यार्थी बिचकतात. तथापि मूळ कल्पना अकरावीच्या पदार्थविज्ञानापलीकडची नाही, आणि ती नीट समजली तर टोचणाऱ्याच्या हातात फरक पडू शकतो.

तीन स्प्रिंगांचे गणित

सुई त्वचेवर टेकवून दाबली की ती लगेच आत जात नाही. आधी त्वचा खाली दबते, तिच्याखालची चरबी दबते, त्याखालचा स्नायूही थोडा दबतो. ठरावीक बळ गाठल्यावरच टोक त्वचा भेदते. म्हणजे सुई आत शिरण्यापूर्वीच लक्ष्य आपल्या जागेवरून हललेले असते. सगळ्या विषयाची किल्ली या एका वाक्यात आहे.

फळ्यावर हे दाखवण्यासाठी एकाखाली एक तीन स्प्रिंगा काढाव्यात : वर त्वचा, मध्ये चरबी, खाली स्नायू; त्याखाली हाड, जे हलत नाही असे धरावे. सोयीसाठी आकडे मनाने घेऊ. त्वचेचा ताठरपणा दर मीटरला २०० न्यूटन, चरबीचा ५००, स्नायूचा १०००. सुईने वरून १ न्यूटन बळ लावले, म्हणजे साधारण शंभर ग्रॅम वजनाइतके. एकाखाली एक जोडलेल्या स्प्रिंगांत प्रत्येकीवर तेच बळ येते. म्हणून स्नायू १ मिलिमीटर दबेल, चरबी २, आणि त्वचा ५. पृष्ठभाग एकूण ८ मिलिमीटर खाली जाईल. शीर चरबी आणि स्नायू यांच्या सीमेवर असेल तर ती १ मिलिमीटर खाली सरकेल. शीर दोन-तीन मिलिमीटर रुंदीची असेल तर एक मिलिमीटर ही लहान गोष्ट नव्हे. आता सुई बोथट आहे आणि भेदण्यासाठी २ न्यूटन लागतात असे धरा. शीर २ मिलिमीटर सरकेल. वापरलेली सुई पुन्हा वापरू नये याचे पहिले कारण अर्थातच संसर्ग. पण दुसरेही एक कारण आहे ते असे.

सांत घटक पद्धतीत यापेक्षा मूलतः वेगळे काही होत नाही. सलग वस्तूचे लहान लहान तुकडे करायचे. ते तुकडे म्हणजे घटक. तुकडे जेथे जोडले जातात त्या गाठी, म्हणजे नोड. प्रत्येक गाठीवर येणाऱ्या बळांची बेरीज शून्य झाली पाहिजे, असे समीकरण मांडायचे. वर तीन गाठी होत्या म्हणून तीन समीकरणे झाली. दंडाच्या त्रिमितीय नमुन्यात ती लाखो होतात. ती सोडवणे संगणकाचे काम. ‘सांत’ म्हणजे ज्याला अंत आहे ते : तुकडे कितीही लहान केले तरी त्यांची संख्या मोजता येते, एवढाच त्या शब्दाचा अर्थ.

आता याच उदाहरणात त्वचा ताणून धरली असे समजून तिचा ताठरपणा दुप्पट करा. पृष्ठभाग ८ ऐवजी साडेपाच मिलिमीटर दबेल. परंतु शीर मात्र पूर्वीइतकीच, १ मिलिमीटर, सरकेल! मग त्वचा ताणण्याचा नियम चुकीचा का? तसे नाही. शीर केवळ खाली जात नाही, ती बाजूलाही घरंगळते, आणि अंगठ्याचा ताण तिला मुख्यतः बाजूला जाण्यापासून रोखतो. एका रेषेतल्या स्प्रिंगांना ‘बाजू’ ही गोष्टच ठाऊक नसते. प्रतिरूपणाची मर्यादा शिकवायला याहून सोपे उदाहरण सापडणार नाही : जे नमुन्यात घातलेच नाही, ते उत्तरात येत नाही.

विमानाच्या पंखापासून यकृतापर्यंत

ही पद्धती वैद्यकासाठी जन्मली नाही. रिचर्ड कूरांट या गणितज्ञाने १९४३ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्रिकोणी तुकड्यांची कल्पना मांडली. १९५६ साली टर्नर, क्लफ, मार्टिन आणि टॉप यांनी विमानाच्या रचनेचा ताठरपणा काढण्यासाठी ती प्रत्यक्षात वापरण्याजोगी केली. त्यामागे बोइंग कंपनीची गरज होती. ‘फायनाइट एलिमेंट’ हे नाव रे क्लफ यांनी १९६० मध्ये दिले. धातूच्या पंखासाठी बनवलेले गणित माणसाच्या यकृतापर्यंत पोहोचायला पुढची चाळीस वर्षे लागली, आणि या विलंबाला कारण आहे.

विमानविद्येचे ज्ञान रुग्णालयात आल्याचे एक उदाहरण हैदराबादलाच घडले आहे. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम येथील संरक्षण प्रयोगशाळेत असताना निझाम्स इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेसमधील एका अस्थिशल्यविशारदाने क्षेपणास्त्रासाठी तयार केलेला हलका संमिश्र पदार्थ पाहिला आणि कलाम यांना आपल्या रुग्णालयात नेले. तीन किलोहून जड धातूचे कॅलिपर पायात घालून चालणारी मुले तेथे होती. त्यांच्यासाठी सुमारे तीनशे ग्रॅमचे कॅलिपर तयार झाले. पुढे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. बी. सोमा राजू यांच्यासमवेत त्यांनी कमी खर्चाचा स्टेंटही विकसित केला. तो १९९८ पासून कलाम-राजू स्टेंट म्हणून ओळखला जातो. कॅलिपर आणि स्टेंट यांचे गणित मुख्यतः त्यांच्या स्वतःच्या पदार्थाचे असते. सुईचे तसे नाही. तेथे खरा कठीण भाग सुई नसून समोरची ऊती हा आहे.

पोलादाचा यंगचा गुणांक सुमारे २०० गिगापास्कल. मृदू ऊतींचा काही किलोपास्कल. दहा किलोपास्कल धरला तरी पोलाद दोन कोटी पटींनी ताठर ठरते. शिवाय पोलाद लहान बळांना सरळ प्रमाणात उत्तर देते, ऊती देत नाही. त्वचा सुरुवातीला सहज ताणली जाते आणि मग एकदम आखडते. तिच्यावर बळ किती वेळ आहे आणि किती वेगाने आले, यावरही उत्तर बदलते. हळू दाबली तर ती पसरत राहते. म्हणूनच २०१० साली मोहसेन महवश आणि पियर द्युपाँ यांनी मांडलेल्या विश्लेषणात जलद शिरणाऱ्या सुईला भेदनासाठी कमी बळ पुरते असे दिसले. ‘हात अडखळू देऊ नका’ या नियमाचे उत्तर येथे मिळते. घाबरलेला विद्यार्थी दयाबुद्धीने हळू टोचतो, आणि रुग्णाला जास्त दुखते.

ऊतींत पाणी पुष्कळ असल्याने दाबल्यावर त्यांचा आकार बदलतो, घनफळ जवळजवळ नाही. ही गोष्ट साध्या त्रिकोणी घटकांना झेपत नाही. ते अडकून बसतात आणि ऊती आहे त्याहून कितीतरी ताठर असल्याचे खोटेच उत्तर देतात. या दोषाला ‘लॉकिंग’ म्हणतात. त्यासाठी वेगळ्या बांधणीचे घटक वापरावे लागतात.

टोकाची अडचण

पुलाच्या किंवा पंखाच्या गणितात जाळी शेवटपर्यंत एकसंध राहते. सुईच्या गणितात जाळी फाटलीच पाहिजे. हा या विषयातला सर्वांत अवघड टप्पा होय.

काही संशोधक सुईचा मार्ग आधीच ठरवून त्या रेषेवरील गाठी दुहेरी ठेवतात आणि ठरावीक ताणाला त्या सुट्या होऊ देतात. काही जण टोकासमोरचे घटक ताण वाढताच काढून टाकतात. हे सोपे खरे, पण त्यात ऊतीचा तेवढा भाग गणितातून नाहीसा होतो. सुई मात्र ऊती कापते व बाजूला सारते, खात नाही. तिसरा मार्ग म्हणजे प्रत्येक पावलाला नवी जाळी विणणे, जो खर्चिक आहे. किती खर्चिक, ते पाहावे : पाच सेंटिमीटर बाजूच्या घनाचे एक मिलिमीटरचे तुकडे केले तर सव्वा लाख घटक होतात. बाजू अर्धी केली की दहा लाख. सुईच्या टोकाला शोभेल इतकी बारीक, ०.१ मिलिमीटरची जाळी सर्वत्र विणायची म्हटले तर साडेबारा कोटी. म्हणून टोकाजवळ बारीक आणि दूर विरळ अशी जाळी विणतात. शिकाऊ डॉक्टरांसाठी जी यंत्रे बनतात त्यांत तर हाताला खरा स्पर्श जाणवण्यासाठी सेकंदाला सुमारे हजार वेळा बळाचे उत्तर द्यावे लागते. तेथे अचूकतेशी तडजोड अटळ असते.

या क्षेत्रात दोन कामे पायाभूत मानली जातात. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या सायमन डिमायो आणि सेप्टिमियु साल्कुडीन यांनी २००३ साली कृत्रिम ऊतीच्या पारदर्शक ठोकळ्यावर खुणांचे ठिपके उमटवले, सुई टोचताना ठिपके कसे सरकतात ते कॅमेऱ्याने टिपले आणि त्यावरून सुईच्या दांडीवर कोठे किती बळ येते हे उलट गणिताने काढले. बळ टोकाशी सर्वाधिक, दांडीवर बऱ्याच अंशी समान, असे त्यांना आढळले. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील ॲलिसन ओकामुरा आणि सहकाऱ्यांनी गाईच्या यकृतावर प्रयोग करून एकूण बळाचे तीन वाटे केले : भेदनापूर्वीचा ताठरपणा, टोकाचे कापणे आणि दांडीचे घर्षण. तेव्हापासून जवळजवळ प्रत्येक नमुन्यात ही विभागणी आढळते.

यातून टोकाच्या तिरप्या कापाचेही स्पष्टीकरण मिळते. कापाचा उतार ज्या बाजूला पाहतो त्या बाजूची ऊती तो ढकलतो, ऊती उलट ढकलते, आणि सुई विरुद्ध बाजूस वळते. जाड सुईत हे जाणवत नाही. व्यास निम्मा झाला की वाकण्याला होणारा विरोध मात्र सोळाव्या हिश्श्यावर येतो. २१ गेजची सुई ०.८ मिलिमीटर, २७ गेजची ०.४; म्हणजे सोळा पटींचा फरक या दोन सुयांत आहे. पाठीच्या कण्यात भूल देण्याची बारीक व लांब सुई आधी आखूड जाड सुईतून, म्हणजे इंट्रोड्यूसरमधून, घालतात ती याचसाठी. (वर्गात गेज शिकवताना रंगांबाबत सावध राहावे. साध्या सुईचा हिरवा रंग २१ गेजचा, तर सलाइनच्या कॅन्युलाचा हिरवा १८ गेजचा. विद्यार्थी येथे हमखास गोंधळतात.) प्रोस्टेटच्या कर्करोगात किरणोत्सारी दाणे सुमारे वीस सेंटिमीटर लांब सुईने ठेवले जातात. तेथे सुईचे वाकणे आणि ग्रंथीचे सरकणे दोन्ही मिळून दाणा ठरल्या जागेपासून दूर पडू शकतो. प्रतिरूपणाला वैद्यकात मागणी आली ती प्रथम अशा उपचारांमुळे.

आकडे कोणाच्या शरीराचे?

रंगीत चित्र पाहून शिक्षकाने पहिला प्रश्न हा विचारावा. लाल-निळ्या पट्ट्यांचे चित्र संगणक कोणत्याही आकड्यांवर काढून देतो. ते आकडे पुष्कळदा डुकराच्या किंवा गाईच्या मृत ऊतीचे, नाही तर प्लास्टिकच्या ठोकळ्याचे असतात. जिवंत शरीरात रक्ताचा दाब असतो, ऊब असते, स्नायू आकसतो. माणसामाणसांतला फरक तर विलक्षण आहे. यकृताचा ताठरपणा बाहेरून मोजणारे फायब्रोस्कॅन यंत्र निरोगी यकृताला साधारण ५ किलोपास्कल दाखवते, तर सिरोसिस झालेल्या यकृताला बारा-तेराच्या वर. एकाच अवयवाचा आकडा आजाराने अडीच पट होतो. बायोप्सीची सुई नेमकी अशाच यकृतात घालायची असते!

शिरांचेही तेच. थॅलेसिमियाच्या मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते. हैदराबादेत १९९८ पासून काम करणाऱ्या थॅलेसिमिया अँड सिकल सेल सोसायटीसारख्या संस्थांत येणारी मुले आयुष्यभर त्याच मोजक्या शिरांवर टोचून घेतात. वारंवार टोचलेल्या जागी व्रणाची ऊती तयार होते. ती निरोगी ऊतीहून ताठर असते आणि भेदनाला अधिक बळ मागते. डायलिसिसच्या रुग्णाच्या फिस्टुलाचीही हीच कथा. ज्या रुग्णांना सुई सर्वांत जास्त वेळा टोचली जाते, त्यांच्या ऊती प्रमाण नमुन्यापासून सर्वांत दूर असतात. प्रतिरूपण निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नव्हे. बोथट टोक, मंद वेग, बारीक दांडी यांचा परिणाम कोणत्या दिशेने होतो हे ते विश्वासाने सांगते. अमुक रुग्णाच्या दंडात किती मिलिमीटर, हे सांगायला त्या रुग्णाचे मोजमाप लागते.

शब्दांची बाब

पोकळ सुईचा इतिहास सांगताना १८५३ मधील अलेक्झांडर वुड आणि प्रवाझ यांची नावे घेतली जातात. त्याच्या आठशे वर्षांहून अधिक आधी अम्मार बिन अली अल-मौसिली या नेत्रवैद्याने मऊ मोतीबिंदू शोषून काढण्यासाठी पोकळ सुई वापरल्याचे आपल्या अरबी ग्रंथात लिहून ठेवले आहे. विद्यार्थ्यांना हे अवश्य सांगावे, मात्र केवळ अभिमानासाठी नव्हे. डोळ्यातील गाभा मऊ असेल तरच ही रीत चालते, हे त्यातले महत्त्वाचे निरीक्षण आहे. ऊतीचा गुणधर्म पाहून सुई निवडणे म्हणजे तेच.

हैदराबादला विज्ञान देशी भाषेत शिकवण्याची परंपरा जुनी आहे. उस्मानिया विद्यापीठासाठी १९१७ साली दारुल तर्जुमा स्थापन झाले, मौलवी अब्दुल हक त्याचे पहिले प्रमुख होते, आणि परिभाषा कशी घडवावी यावर वहीदुद्दीन सलीम यांचा ‘वज़्-ए-इस्तिलाहात’ हा ग्रंथ १९२१ मध्ये निघाला. मराठवाड्यातील अनेक मराठी विद्यार्थी तेव्हा याच विद्यापीठात उर्दूतून शास्त्र शिकले. आजच्या वर्गात उर्दू व मराठी माध्यमाची मुले शेजारी बसत असतील तर शिक्षकाला हा वारसा कामी येईल. उर्दूतील ‘लचक’ आणि मराठीतील ‘लवचिक’ एकमेकांना ओळखतात. ‘घर्षण’ उर्दू माध्यमाच्या मुलाला परके वाटेल, पण त्याची ‘रगड’ मराठी मुलाला ‘रगडणे’मुळे लगेच कळते. ‘दबाव’ आणि ‘दाब’ हे तर सख्खे भाऊ. एका ठिकाणी मात्र जपावे. ‘ताण’ आणि ‘तनाव’ हे दोन्ही शब्द मनाच्या अवस्थेसाठी रुळले आहेत. म्हणून दर चौरस मीटरला येणारे बळ, ही व्याख्या फळ्यावर लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

वर्गातील एक प्रयोग

प्रयोगशाळांत कृत्रिम ऊतीसाठी जिलेटिन वापरतात. ते डुकरापासूनही बनत असल्याने अनेक मुस्लिम शिक्षणसंस्थांत त्याबाबत संकोच असतो. समुद्री शेवाळापासून मिळणारे अगर, म्हणजे रमजानात पुडिंगसाठी घरोघरी आणले जाणारे चायना ग्रास, हा संशोधनातही मान्य असलेला पर्याय आहे. एक उणीव लक्षात घ्यावी : अगर ठिसूळ असते, ते यकृतासारखे ताणले न जाता तडकते.

चायना ग्रास उकळून डब्यात जाड थर जमवावा. त्यावर फुग्याचे रबर ताणून बांधावे, ही त्वचा. डबा स्वयंपाकघरातील डिजिटल वजनकाट्यावर ठेवून काटा शून्य करावा. बुचात घट्ट बसवलेली दाभण वरून सरळ दाबावी आणि दर दोन मिलिमीटरला आकडा लिहावा. शंभर ग्रॅम म्हणजे सुमारे एक न्यूटन. आकडा चढत जातो, रबर फाटताच एकदम उतरतो आणि दाभण खोल जाईल तसा पुन्हा हळूहळू चढू लागतो. दाभणीचे टोक दगडावर घासून नवे रबर लावून पुन्हा करावे व दोन्ही आलेख एकाच कागदावर काढावेत. पहिल्या शिखराच्या उंचीतला फरक म्हणजे बोथटपणाची किंमत. विद्यार्थ्यांनी तो आकडा वरील तीन स्प्रिंगांच्या गणितात घालून शीर किती सरकेल ते काढावे. शेवटी दाभण सावकाश बाहेर ओढताना काट्याकडे पाहण्यास सांगावे. आकडा शून्याच्या खाली, ऋण दिसतो. त्या वेळी टोक काहीच कापत नसते. दिसते ते केवळ रगडीचे बळ.